म्युनिक, चौऱ्याऐंशी मिनिटांवर

माझ्या मुलीनं नागपूर आणि म्युनिक यांच्यामधलं अंतर कमी केलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली आणि चार घरी पेढे दिले. दहा आठवड्यांनी तेच अंतर मी परत मागितलं. मागताना आवाज चढवला नाही. तो मला चढवता येतच नाही. पण घेतल्याशिवाय हलले नाही.

ऋजुता आमची एकुलती एक. म्युनिकजवळच्या कारखान्यात ती शीघ्रयानाच्या कातडीचं बघते. कातडी म्हणजे यानाचं बाहेरचं आवरण; शब्द तिचाच. तिनं मला ते फोनवर समजावलं होतं.

"आई, आजीकडे तांब्याचा बंब होता, आठवतो?"

"न आठवायला काय झालं! बारा वर्षं मीच पेटवला तो."

"त्यात पाणी न घालता जाळ केला तर?"

"तळ जातो. तुझ्या आत्यानं घालवला होता एकदा."

"बस, तेवढंच माझं काम. तळ जाऊ द्यायचा नाही."

हे यान जमिनीपासून तीस किलोमीटर उंचीवरून जातं, आवाजाच्या सहापट वेगानं. इतक्या वेगापुढे हवेला बाजूला सरायला उसंत मिळत नाही. ती चेपली जाते, आणि चेपलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचं तोंड तापतं, तशी. यानाच्या नाकाशी हजार अंशांच्या वर उष्णता होते. तिथे कुठलाही धातू फार वेळ टिकत नाही. म्हणून इंधनाचा हायड्रोजन, जो शून्याच्या खाली अडीचशे अंशांवर द्रव करून ठेवलेला असतो, तो आधी कातडीखालच्या केसाएवढ्या नळ्यांमधून खेळवायचा. तो सगळी धग पिऊन घेतो. मग तोच तापलेला हायड्रोजन इंजिनात नेऊन जाळायचा. बंबातलं पाणीच शेवटी सरपण म्हणून वापरायचं, असं म्हणा ना. त्या नळ्या किती बारीक असाव्यात, कुठे वळाव्यात, हे ऋजुतानं सहा वर्षं बसून शोधलं.

त्यामुळे सहा हजार सहाशे किलोमीटर चौऱ्याऐंशी मिनिटांत. यानावर मोठं संस्कृत नाव रंगवलेलं होतं, पण नागपुरात सगळे त्याला 'चौऱ्याऐंशी'च म्हणत. "चौऱ्याऐंशीनं गेला", "चौऱ्याऐंशीनं येतो". आमचे हे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. ते म्हणाले, "आमच्या गाडीला इटारसी गाठायला सहा तास लागत. तेही सिग्नल मिळाला तर."

ऋजुताला ऑगस्टमध्ये मुलगी झाली, रेवा. माझे जावई फ्लोरियन इस्पितळात परिचारक आहेत. मनुष्य सरळ आहे, मराठी शिकतो, मला "आई, बसा ना" म्हणतो आणि मी बसले की "आई, उठा ना" म्हणतो, कारण त्याला दोनच वाक्यं नीट येतात. डिसेंबरात ऋजुताची रजा संपली. तिच्या कारखान्यातल्या लोकांच्या आईवडिलांना यानाचा पास मिळे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, हे तीन दिवस मी जायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, ऋजुता म्हणाली, "आई, दीड तास तर लागतो," आणि मी पिशवी भरायला घेतली.

माझा एक नेम आहे. लग्न होऊन आले त्या वर्षीपासून उगवत्या सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. अर्घ्य, मग पूजा, मग रक्तदाबाची गोळी, मग चहा. गोळी अकरा वर्षांपूर्वी त्यात येऊन बसली, आणि आता तीही नेमातलीच वाटते.

पहिल्या दिवशी नागपुरात सूर्य उगवला, मी अर्घ्य दिलं, पूजा केली, गोळी घेतली आणि आठच्या यानात बसले. यानाला खिडक्या नसतात. त्या धगीत काच टिकत नाही. भिंतीवर लांबलचक पडदा असतो आणि बाहेरचं त्यात दिसतं. अर्धा तास झाला असेल. मागच्या बाजूला, पूर्वेला, वर आलेला सूर्य खाली खाली जाऊ लागला. तांबूस झाला. आणि जिथून उगवला होता तिथेच मावळला.

मी हात जोडले. काय म्हणून जोडले, ते सांगता येणार नाही. शेजारच्या गृहस्थांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. "काकू, पहिल्यांदाच का? रोजचंच आहे हे. पृथ्वी फिरते त्याच्यापेक्षा आपण जोरात जातोय."

"हो, ते कळलं," मी म्हटलं. "पण त्याला पाहून विचित्र वाटलं."

"कोणाला?"

"सूर्याला."

म्युनिकला उतरले तेव्हा तिथे पहाटेचे पाचसुद्धा वाजले नव्हते. निघाले त्याच्या तीन तास आधी पोचले होते. ऋजुता दारात कोट चढवून उभी होती. तिनं रेवाला माझ्या हातात दिलं, माझ्या गालाला गाल लावला, "दूध फ्रीजमध्ये आहे, कपडे मशीनमध्ये आहेत, आई तू देव आहेस," असं एका दमात म्हणाली आणि गेली.

दुपारी अडीचला फ्लोरियन आला की मी निघायची. साडेतीनच्या यानात बसलं की समोरून अंधार चालून यायचा. दहा-बारा मिनिटांत संध्याकाळ आटोपायची. घरी पोचेपर्यंत इकडे सगळं निजलेलं. देवाजवळचा दिवा यांनीच लावलेला असायचा, वात वाकडी.

"चौऱ्याऐंशीचा फेरा करून आली का?" हे विचारायचे. "लक्ष योनी झाल्या की एकदाच सांग. मी मोजून राहिलो आहे."

मी हसायची. पहिले काही आठवडे खरंच हसू यायचं. रेवा मला ओळखायला लागली होती. तिच्या डोक्याला तेल लावताना ती माझ्या पदराचं टोक धरून ठेवी. एवढ्या लांबच्या नातीच्या टाळूवर आपला हात पोचतो, याचं सुख मी खोटं म्हणणार नाही. जाऊन-येऊन पन्नास उड्डाणं झाली तेव्हा विमानतळावर कंपनीच्या लोकांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि रेवाचा फोटो हातात देऊन माझा फोटो काढला. तो मोठा करून लावला. वर लिहिलं, 'अंतर संपलं.'

अंतर संपल्यावर काय काय संपतं, ते हळूहळू कळायला लागलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुळमुळ्यांचा भाचा म्युनिकला असतो. पूर्वी तो तीन वर्षांनी यायचा, तेव्हा महिनाभर घर गजबजायचं. आता गुरुवारी आला, वरणभात जेवला, गेला. मुळमुळेबाई म्हणाल्या, "पोळी तव्यावर होती हो, थांबला नाही." कोणाच्या दहाव्याला कोणी आलं नाही, तर पूर्वी लोक म्हणत, लांब आहे बिचारा. आता म्हणतात, चौऱ्याऐंशी मिनिटंसुद्धा निघाली नाहीत त्याच्यानं. लांब असण्यात एक सोय होती. न येण्यामागे मन खोटं नसायचं.

आणि माझं असं व्हायला लागलं की मी कुठे आहे ते मला कळेना.

पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना आपण कुठे बसलो आहोत आणि आज कोणता दिवस आहे, ते सांगावं लागतं. देवाला पत्ता दिल्यासारखं. आमच्याकडे "गोदावर्याः उत्तरे तीरे" म्हणतात, कारण नागपूर गोदावरीच्या उत्तरेला. म्युनिकला डिसेंबरात आठला सूर्य उगवे. पहिल्या दिवशी रेवाला झोपवून मी गॅलरीत गेले आणि समोर तो येताना दिसला. नुकताच उगवलेला सूर्य, आणि मी समोर उभी. तसंच आत कसं वळायचं? मी अर्घ्य दिलं. मग पूजाही केली. देवांचा छोटा डबा माझ्या पिशवीत असतोच. तिथे कोणती नदी म्हणायची ते आमच्या गुरुजींना आधीच फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, "ताई, जिथे असाल तिथली नदी सांगा. देवाला भूगोल येतो."

तिथली नदी इझार. दोन महिने मी नीट म्हटलं. मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पळीत पाणी घेऊन बसले, आणि "गोदावर्याः" म्हणून अडले. इझार म्हणायचं होतं. की गोदावरीच? सकाळी म्हटलं होतं ते कुठे म्हटलं? आणि सकाळ म्हणजे कुठली? हातातलं पाणी बोटांतून गळून गेलं. शेवटी नुसतं "इथे" म्हटलं आणि उरकलं.

त्या दिवशी उपास होता. साडेनऊला रेवाला कडेवर घेऊन मी खाली उतरत होते. ऊन पडलं होतं, तिला थोडं दाखवावं म्हणून. तिसऱ्या मजल्यावरून दोन जिने उतरले आणि डोळ्यांपुढे काळं आलं. कठडा दिसेना. मला एकच सुचलं, की आत्ताच्या आत्ता खाली बसायचं. पायरीवर टेकले, रेवाला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि रामरक्षा म्हणायला लागले. ती मात्र माझ्या बांगड्या ओढत खिदळत होती. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हूबर नावाच्या म्हाताऱ्या बाईनं दार उघडलं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिनं रेवाला घेतलं, मला तिथेच आडवं केलं आणि माझे पाय आपल्या मांडीवर घेतले. ऋजुताला फोन लागला नाही. चाचणीच्या दालनात फोन नेऊ देत नाहीत.

मांडीवरून दोन वीत जरी लेकरू निसटलं असतं, तर खाली अकरा पायऱ्या होत्या. नंतर मी त्या मोजल्या.

नागपुरात डॉक्टर पांढरीपांडे आमच्या जुन्या. त्यांनी रक्तदाब पाहिला, गोळ्यांची पट्टी मागितली, गोळ्या मोजल्या.

"काकू, तुम्ही मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी दोन दोन गोळ्या घेताय."

"छे. अर्घ्य दिलं की एक. कधी चुकवली नाही."

"अर्घ्य किती वेळा देता?"

मी बोटांवर मोजलं. सूर्य दोनदा उगवत होता. तीस दिवस मी गोळी सूर्याप्रमाणे घेतली होती.

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मग त्यांनी माझ्या मनगटाला एक पट्टी बांधली. दोन दिवस ती अंगाचं तापमान आणि झोप टिपत होती. पुढच्या खेपेस त्यांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या.

"प्रत्येकाच्या मेंदूत एक घड्याळ असतं, काकू. डोळ्यांवर उजेड पडतो त्यावरून ते लावलं जातं. अंग केव्हा थंड करायचं, भूक केव्हा लावायची, रक्तदाब केव्हा उतरवायचा, सगळं ते ठरवतं. पण हे घड्याळ फार सावकाश सरकतं. दिवसाला तासभर, फार तर. नागपूर आणि म्युनिकमध्ये साडेचार तासांचा फरक आहे. म्हणजे तुमच्या शरीराला तिथे पोचायला साडेचार दिवस लागतात. यान चौऱ्याऐंशी मिनिटांत जाऊ दे, नाही तर चौऱ्याऐंशी सेकंदांत."

"मग माझं घड्याळ आत्ता कुठलं आहे?"

त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "धड नागपूरचं नाही, धड म्युनिकचं नाही. इराणच्या पलीकडे कुठेतरी. तिथे तुम्ही एकदाही उतरला नाहीत, पण शरीर तिथेच राहतंय."

हे बाजूच्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, "बाप्पा! म्हणजे मी इतके दिवस बायको समजून नुसता डबाच उतरवून घेऊन राहिलो होतो. इंजिन मागेच."

घरी आल्यावर ऋजुताचा फोन आला. पडद्यावर ती होती आणि मागे फ्लोरियन रेवाला कडेवर घेऊन येरझारा घालत होता. आईला चक्कर आली म्हणून ती रडली होती, हे डोळ्यांवरून दिसत होतं. पण रडून झाल्यावर तिनं उपाय काढला होता. ती इंजिनिअरच.

"आई, गोळी मी मोबाइलवर लावून देते. चोवीस तासांत एकदाच वाजेल. आणि एक प्रकाशाचा चष्मा पाठवलाय. यानात बसताना घालायचा. निळा उजेड डोळ्यांवर सोडतो, घड्याळ फसतं. आमचे वैमानिक वापरतात."

"घड्याळ फसतं म्हणजे मीच फसते ना गं?"

"आई, तसं नाही... ऐक. मार्चमध्ये नव्या कातडीची चाचणी आहे. जमलं तर बहात्तर मिनिटं होतील. मला आता आठवड्याला पाच दिवस लागशील तू. फक्त सहा आठवडे. तू नसशील तर मला या चाचणीतून नाव मागे घ्यावं लागेल."

इथे मी हो म्हणायची, असा आमच्या घरातला रिवाज होता. हे पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे पाहत होते.

"मी येणार नाही, ऋजुता," मी म्हटलं.

"म्हणजे? बरं वाटेपर्यंत ना?"

"त्या यानानं आता येणारच नाही."

फ्लोरियन चालायचा थांबला. भाषा कळली नसली, तरी सूर त्याला कळला असावा.

"दीड तास, आई! लोक धंतोलीहून विमानतळावर जायला तासभर घालवतात!"

"हो. म्हणून तर मला कोणी 'राहा' म्हणत नाही."

"काय?"

"मी साठ वेळा त्या यानात बसले. तुझ्या घरी तीस दिवस झाले माझे. त्यात एकदा तरी मी तिथे झोपले का? तुझ्या घरात माझं अंथरूण कुठे आहे, सांग बरं."

तिनं मान वळवून मागच्या खोलीकडे पाहिलं.

"तुझ्याशी माझं बोलणं किती झालं? दूध फ्रीजमध्ये आहे, कपडे मशीनमध्ये आहेत. पूर्वी तू वर्षातून एकदा यायचीस, तर पहिले तीन दिवस आपण नुसत्या बोलत बसायचो. आता तू मला दारात भेटतेस, बाई. कोट घालून."

"मी हे सगळं तुझ्यासाठी केलंय!" तिचा आवाज फाटला. "सहा वर्षं! तू लांब होतीस म्हणून! आजी गेली तेव्हा मी पोचू शकले नाही म्हणून!"

ते खरं होतं. माझ्या काळजाला ते लागलंही. पण लागलं म्हणून खोटं कसं बोलू?

"मग ये की," मी म्हटलं. "तुझ्याकडूनही चौऱ्याऐंशीच मिनिटं आहेत ना? यान सुरू झाल्यापासून तू किती वेळा आलीस?"

"रेवाला कसं आणू? दोन वर्षांखालच्या मुलांना यानात बसवत नाहीत. चढताना छातीवर दाब येतो. तो नियम माझ्याच गटानं लिहिलाय."

"बरोबर केलंत. लेकराला सोसत नाही. सहासष्ट वर्षांच्या आईला सोसतं, हे कोणी तपासलं?"

तिनं फोन ठेवला. ठेवण्याआधी रेवाचा हात पडद्यावर आला आणि नाहीसा झाला.

पुढे आठ दिवस फोन नाही. रोज संध्याकाळी रेवाचा एक फोटो येई, तोही बंद झाला. चष्म्याचं खोकं आलं. मी ते न फोडता फडताळात ठेवलं. यांनी चौथ्या दिवशी जेवताना विषय काढला.

"एवढं ताणू नये, इंदू. पोरगी एकटी आहे तिथे. सहा आठवड्यांचं काम. तिचं नाव जाईल."

"तुम्ही गार्ड होतात," मी म्हटलं. "ड्रायव्हरला घाई होती म्हणून कधी हिरवी झेंडी दाखवलीत?"

त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "एकदा दाखवली होती," ते म्हणाले. "म्हणून सांगतो, दाखवू नको." मला वाटत होतं, की आपण गेलो नाही आणि तिची चाचणी गेली, तर ही मुलगी मला जन्मभर विसरू देणार नाही. कदाचित रेवाही मला ओळखणार नाही. हे सगळं मी देवापुढे बसून मनाशी नीट मांडलं. तरी उत्तर तेच आलं.

दुसऱ्या दिवशी यांना बरोबर घेऊन पास परत करायला गेले. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. माझ्या मागच्या भिंतीवर मीच हसत होते, शालीत.

"काकू, तुम्ही तर आमच्या फोटोतल्या! परत का देताय? फॉर्मवर कारण लागतं. प्रकृती, भीती की गैरसोय?"

"इतर आहे का?"

"आहे. काय लिहू?"

"लिहा, वेळ फार कमी लागतो."

तिनं बोटं थांबवली. "काकू, जास्त लागतो म्हणायचंय ना?"

"नाही. कमी लागतो. आणि तो फोटो उतरवा. मी त्याला परवानगी दिली होती, ती परत घेते. त्याचा फॉर्म असेल तर तोही द्या."

"पण फोटो किती छान आलाय."

"फोटो छान आहे. वर लिहिलंय ते खरं नाही."

तिथून आम्ही दोघं जुन्या विमानांच्या खिडकीशी गेलो. ती विमानं आता कमीच लोक वापरतात. नागपूरहून दिल्ली, दिल्लीत पाच तास थांबून म्युनिक. घरातून निघाल्यापासून एकोणीस तास. तिकिटं देणाऱ्या गृहस्थांनी तीनदा विचारलं, की चुकून तर नाही ना.

संध्याकाळी यांनी ऋजुताला निरोप टाइप केला, रेल्वेतल्या तारेसारखा: 'रविवारी निघतो. सोमवारी पोचतो. दोघे. मुक्काम सहा आठवडे. जुन्या विमानाने.'

उत्तर आलं नाही. आम्ही तरी निघालो. मोठी ट्रंक घेतली, भाजणी, गोडा मसाला, डिंकाचे लाडू घेतले. यानातून मी कधी पिशवीपलीकडे काही नेलं नव्हतं. संध्याकाळी परतायचं असलेलं माणूस लोणच्याची बरणी कशाला नेईल? दिल्लीत पाच तास आम्ही बाकावर बसून डबा खाल्ला. मग वर गेल्यावर खिडकीतून मी खाली पाहत राहिले. वाळवंट आलं, डोंगर आले, बर्फ आला. किती जग होतं मध्ये! साठ वेळा मी याच्यावरून गेले आणि यातलं काही पाहिलं नव्हतं. हे शेजारी बसून प्रत्येक ठिकाणाचं नाव पडद्यावर वाचत होते आणि वेळेशी ताडून पाहत होते. "सतरा मिनिटं लेट आहे," इराणवर असताना ते समाधानानं म्हणाले. "इथे हात कर. तुझं शरीर राहायचं ना खाली."

म्युनिकला उतरलो तेव्हा माझे पाय सुजले होते आणि कंबर धरली होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत ट्रंक यांनी आणि फ्लोरियननं चढवली. तो खाली घ्यायला आला होता. "आई, बसा ना," तो म्हणाला, आणि या वेळी त्यापुढे काही बोलला नाही.

दार ऋजुतानं उघडलं. अंगात कोट नव्हता. कडेवर रेवा. आठ दिवस रागावलेली मुलगी माझ्याकडे पाहत होती, आणि मग तिची नजर ट्रंकेकडे गेली.

"एकोणीस तास," ती म्हणाली. "वेड लागलंय तुला. चौऱ्याऐंशी मिनिटांत आली असतीस."

"आले असते. आणि दुपारी गेले असते."

"आई, माझं यान आहे ते."

"तुझं यान चांगलं आहे. त्यातून औषधं पाठवा, इस्पितळाला लागणारं रक्त पाठवा, ज्याला खरंच घाई आहे त्याला पाठवा. मला घाई नाही. तुझी चाचणी होईपर्यंत मी इथे आहे. मात्र पहिले पाच दिवस मला काही सांगायचं नाही. शरीर अजून वाटेत आहे, ते येऊ दे. नंतर रेवाला पाहीन. चाचणी झाली की तू रेवाला घेऊन नागपूरला यायचं, याच विमानानं, आणि महिनाभर राहायचं. नाही आलीस, तर मी पुन्हा एकोणीस तासांनी येईन आणि इथे बसेन."

"पुढच्या वर्षी बहात्तर मिनिटं होणार आहेत," ती म्हणाली. आवाजात अजून हट्ट होता. माझाच.

"होऊ देत."

रेवा माझ्याकडे टक लावून बघत होती. ओळखलं की नाही, कळेना. मग तिनं अंग पुढे टाकलं आणि माझा पदर पकडला.

बैठकीतल्या कोचावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, ऋजुताच्या फायली, फ्लोरियनची सायकलची टोपी पडलेली होती. मी एका कोपऱ्यात टेकले. हात सवयीनं कपड्यांकडे गेला. तीस दिवस मीच त्या घड्या घालत आले होते. मी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"झोपायचं कुठे आम्ही?" मी विचारलं.

ऋजुतानं रेवाला यांच्या मांडीवर दिलं, फायली उचलल्या, कपडे उचलले, आत जाऊन गादी ओढत आणली. चादर उलटी घातली, ती काढून परत सुलटी घातली. उशीला अभ्रा सापडेना म्हणून कपाटातलं सगळं खाली काढलं. मला बसल्या जागेवरून दिसत होतं, की अभ्रा त्या कपड्यांच्या ढिगातच आहे.

मी उठले नाही. एवढ्या लांबून आलेल्या माणसानं पहिल्या दिवशी कामाला हात लावायचा नसतो.